पित्याची पायपीट, पुत्राची पायवाट

हार्वर्ड विद्यापीठाची प्राच्यविद्येची एक जुनी आणि मानाची ग्रंथमाला आहे. तिच्यातला ४१ वा ग्रंथ म्हणजे बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताच्या जोडीने नाव आहे धर्मानंद कोसंबी यांचे. ४२ वा ग्रंथ म्हणजे विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने जमवलेला ‘सुभाषितरत्नकोश’. तो १९५७ मध्ये निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक वा. वि. गोखले आणि दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. म्हणजे एक पाली ग्रंथ बापाचा आणि त्याला लागूनच एक संस्कृत ग्रंथ मुलाचा. ग्रंथालयाच्या फळीवर ही दोन पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात. गंमत अशी, की यातल्या बापापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती आणि मुलाचा पेशा संस्कृतचा नव्हताच. तो गणिताचा प्राध्यापक होता.

डी. डी. कोसंबी हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. भारतीय इतिहासाकडे पाहण्याची सबंध पद्धत बदलून टाकणारा विद्वान, मार्क्सवादी, फटकळ, कोणाचीही भीड न ठेवणारा, अशी त्यांची ख्याती. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक लोक हार्वर्ड, मार्क्स आणि गणित या तीन ठिकाणी त्यांची मुळे शोधतात. मला मात्र त्यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ आणि धर्मानंदांचे ‘निवेदन’ ही दोन पुस्तके लागोपाठ वाचताना सतत वाटत राहिले, की या माणसाचे खरे मूळ त्याच्या घरातच आहे. ते घरही साधेसुधे नव्हते. त्या घरातला कर्ता पुरुष एके दिवशी घर सोडून निघून गेला होता.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळ गावचा. पोर्तुगीज अंमलातले गाव. तिथला नरसिंह सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या धाकाने गाव सोडून फोंड्याकडे वेलिंगला गेलेला. गोव्यातल्या कितीतरी गावांची हीच कथा आहे; माणसे एका गावची आणि त्यांची दैवते भलत्याच गावी. धर्मानंद भावंडांत सर्वांत धाकटे. प्रकृती बेताची, शिक्षण तुटपुंजे. पंधरा वर्षांचे व्हायच्या सुमारास बाळाबाईंशी लग्न झाले आणि माडांच्या बागायतीची देखरेख हाच पुढचा जन्म ठरल्यासारखा होता. पण हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचायची खोड. त्यातच ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाच्या चरित्रावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. मुलांसाठी लिहिलेला लेख तो! पण त्या लेखाने या तरुणाला असे काही पछाडले, की बुद्धाचा धर्म जिथे कुठे शिल्लक असेल तिथे जाऊन शिकायचा, याखेरीज त्याला दुसरे काही सुचेना.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी गोवा सोडला. घरी तरुण पत्नी आणि माणिक नावाची तान्ही मुलगी होती. पुण्यात येऊन ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. संस्कृत शिकायला काशीला गेले आणि तिथे अन्नछत्रात जेवून त्यांनी अभ्यास केला. बौद्ध धर्म नेपाळात सापडेल म्हणून हाल सोसत नेपाळ गाठला; तिथे जे दिसले त्याने निराश झाले. मग बुद्धगया, तिथून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात १९०२ मध्ये त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात गेले. हातात भिक्षापात्र घेऊन बुद्धाच्या पावलांनी पावन झालेली स्थळे हिंडले. ज्या प्रवासाला आज आपण चार दिवसांची सहल म्हणू त्याला त्यांची सात वर्षे लागली, आणि त्यातला बराचसा प्रवास पायी होता.

हे सारे ‘निवेदना’त आहे. १९२४ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. मराठीत इतके निर्मळ आत्मकथन फार थोडे आहे. कुठे आव नाही, कुठे पराक्रमाची जाहिरात नाही. भूक लागली तर भूक लागली असे लिहिले आहे, मन खचले तर खचले असे लिहिले आहे.

१९०६ मध्ये धर्मानंद परतले. भिक्षूच्या नियमांत राहून आपल्या देशात हे काम व्हायचे नाही, असे त्यांना वाटू लागले होते. त्यांनी चीवर उतरवले आणि पुन्हा गृहस्थाश्रम पत्करला. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें येथे त्यांना मुलगा झाला. रिवाजाप्रमाणे आजोबांचे नाव ठेवले, दामोदर. त्यामुळे बाप धर्मानंद दामोदर आणि मुलगा दामोदर धर्मानंद. इंग्रजीत आद्याक्षरे लिहायची तर दोघेही डी. डी. कोसंबी. घरात मात्र मुलाला ‘बाबा’ म्हणत आणि तेच नाव त्यांना जन्मभर चिकटले.

धर्मानंद त्या काळात कलकत्त्याला पाली शिकवत होते. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले; महाराष्ट्रात राहावे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यावे एवढीच अट. चांगल्या पगाराची विद्यापीठातली जागा सोडून धर्मानंद त्या ५० रुपयांवर आले. आपल्याला जे मिळाले ते मराठी माणसाला त्याच्या भाषेत द्यायचे होते ना! इथून पुढे त्यांच्या आयुष्यात जागा सोडण्याचे प्रसंग इतके येतात, की एखाद्या कारकुनाने त्यांची सेवापुस्तिका भरायला घेतली असती तर बिचारा वैतागला असता. १९१० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक वूड्स यांच्या आमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. ‘विसुद्धिमग्गा’चे वॉरन यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले संपादन त्यांच्याकडे आले. पण ग्रंथमालेचे प्रमुख लॅनमन यांच्याशी श्रेयावरून त्यांचे बिनसले आणि १९१२ मध्ये ते काम टाकून परत आले. मग सहा वर्षे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. या वर्षांत त्यांनी पालीच्या अभ्यासकांची जी पिढी तयार केली, तिच्यामुळेच पाली हा विषय महाराष्ट्रात रुजला.

१९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डचे बोलावणे आले. या वेळी धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या दोघांना बरोबर घेतले. बाळाबाई दोन धाकट्या मुलींना घेऊन मागे राहिल्या.

इथे जरा थांबावेसे वाटते. १८९९ मध्ये तान्ह्या मुलीसह मागे राहिलेली हीच बाई १९१८ मध्ये पुन्हा मागे राहिली. मधल्या काळात काय झाले असेल? नवरा कुठल्या देशात आहे, परत येईल की कायमचा भिक्षू होईल, हे कळायला मार्ग नसताना सासरी-माहेरी तिने ती सात वर्षे कशी काढली असतील? गौतमाच्या गृहत्यागावर आपल्याकडे ढीगभर लिहिले गेले. यशोधरेवर लिहायला आपल्याला बराच वेळ लागला. बाळाबाईंवर तर कोण लिहिणार! पण धर्मानंदांच्या आणि दामोदरांच्या विद्वत्तेचा हिशेब मांडायचा तर त्यात एक रक्कम बाळाबाईंच्या नावे टाकावीच लागेल, आणि ती लहान नाही.

अकरा वर्षांचा दामोदर बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये शाळेत जाऊ लागला. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली. त्या काळात मराठी घरातल्या मुलीला असे शिक्षण देणारा बाप किती विरळा होता, हे वेगळे सांगायला नको. स्वतः धर्मानंदांना शाळेचे सुख लाभले नव्हते. त्यांनी जे मिळवले ते अन्नछत्राच्या पंगतीत आणि विहाराच्या ओसरीवर. मुलांना मात्र उत्तमोत्तम शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्यांनी त्यात उत्तमच ठरले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. १९२२ मध्ये ते माणिकला घेऊन परतले. दामोदर पंधरा वर्षांचा. तो शिक्षणासाठी तिथेच राहिला. पुढे मधल्या काळात भारतात येऊन १९२६ मध्ये वडिलांबरोबरच तो पुन्हा अमेरिकेला गेला आणि हार्वर्डमध्ये शिकू लागला.

हार्वर्डच्या दिवसांतली एक आठवण सांगितली जाते. दामोदरचा निकाल लागला. सगळ्या विषयांत सर्वोच्च श्रेणी, फक्त एका विषयात तिच्या खालची. आपल्याकडे एवढ्यावर आईबापांनी पेढे वाटले असते. धर्मानंदांनी खरमरीत पत्र पाठवले. मुलाने काय करावे? त्याने सुटीत इटालियन भाषेचा अभ्यासक्रम घेतला आणि त्यात अव्वल गुण मिळवून दाखवले. ही आठवण ऐकताना आपण हसतो. पण मला तिच्यात थोडी काळजीही वाटते. चांगल्यावर समाधान न मानण्याची ही सवय पुढे दामोदरांनी स्वतःला लावली आणि तिच सवय त्यांनी भोवतालच्या माणसांनाही लावायचा प्रयत्न केला. त्यात ते अनेकदा एकटे पडले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन या भाषा त्यांनी याच काळात आत्मसात केल्या. एकट्या गणितावर लक्ष एकवटावे, असा सल्ला बर्कहॉफ यांच्यासारख्या थोर गणितज्ञाने दिल्याचे सांगतात. तो त्यांनी मानला नाही. १९२९ मध्ये ते उच्च सन्मानासह पदवीधर झाले, पण पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि ते भारतात परतले.

बनारस, मग अलिगढ. अलिगढला आंद्रे वेल हा पुढे जगप्रसिद्ध झालेला फ्रेंच गणिती त्यांचा सहकारी होता. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर पुणे आणि फर्ग्युसन कॉलेज. ज्या कॉलेजात वडिलांनी पाली शिकवली, तिथेच मुलगा गणित शिकवू लागला. तिथे ते १९४५ पर्यंत होते. पुढे डॉ. होमी भाभांच्या नव्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये ते गणिताचे प्राध्यापक झाले. मुंबईत बिऱ्हाड करायला मात्र तयार झाले नाहीत. पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीनने जा-ये करायची. गाडीतला वेळ वाचनात जाई.

आता गणिताचा हा प्राध्यापक इतिहासात कसा शिरला? ती हकीकत मोठी मजेदार आहे. संख्याशास्त्राचा उपयोग करून पाहण्यासाठी त्यांना एखादा खराखुरा प्रश्न हवा होता. त्यांनी नाणी घेतली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. झिजते तसे त्याचे वजन घटते. मग तक्षशिलेच्या ढिगाऱ्यात सापडलेली आहत नाणी काळजीपूर्वक तोलली, तर कोणती जुनी आणि कोणती नवी ते वजनावरून ठरवता येईल की नाही? त्यांनी हजारो नाणी तोलली. आधी पद्धत पारखून घ्यावी म्हणून बाजारात चालणारी तेव्हाची नाणीसुद्धा तोलली. उत्तर मिळाले. पण उत्तराबरोबर नवा प्रश्न आला: ही नाणी पाडणारे राजे कोण? त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणजे संस्कृत हवे. संस्कृत शिकण्यासाठी त्यांनी पाठशाळा धरली नाही. एक ग्रंथच हाती घेतला, भर्तृहरी. आणि शिकता शिकता शेकडो हस्तलिखिते ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. भाषा शिकण्याची ही रीत पाहून मला काशीच्या अन्नछत्रातला तो गोव्याचा तरुण आठवतो. पाली येत नव्हती, म्हणून तो पाली जिथे जिवंत होती त्या देशात चालत गेला.

धर्मानंदांची अभ्यासाची रीत काय होती, ते त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात पाहावे. लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत, की सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला, त्याला वैराग्य आले आणि मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाला टाकून तो निघून गेला. धर्मानंदांनी ही कथा बाजूला ठेवली. पाली वाङ्मयातले सर्वांत जुने थर कोणते, ते त्यांनी निवडले आणि त्यांत काय आहे ते पाहिले. तिथे आईवडील रडत असताना, त्यांच्यादेखत बोधिसत्त्वाने गृहत्याग केल्याचे सांगितले आहे. रात्रीची चोरवाट तिथे नाही. आणि कारण? शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. शस्त्रे घेऊन एकमेकांवर धावणाऱ्या आप्तांचा वीट येऊन सिद्धार्थ बाहेर पडला, अशी त्यांनी मांडणी केली. ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही त्यांनी हाच विषय घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रात हाच रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग मध्यवर्ती आहे, हे वाचकांना आठवेल. स्वतः घर सोडलेल्या माणसाने बुद्धाच्या गृहत्यागाचा इतका बारकाईने शोध घ्यावा, यात नवल नाही. पण हा शोध घेताना त्यांनी स्वतःच्या लाडक्या दैवताचीही भीड ठेवली नाही, हे विशेष.

मुलाने नेमके हेच उचलले. त्याने वडिलांचा धर्म घेतला नाही. डी. डी. नास्तिक होते, मार्क्सवादी होते. धर्मानंद गांधीजींच्या अहिंसेकडे ओढले गेले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. मुलाला गांधीमार्गाची फारशी मातब्बरी वाटली नाही. पण बापाला समाजवादाचे वावडे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ते १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन आले होते आणि मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभा केला होता. तेव्हा बाप श्रद्धाळू आणि मुलगा बंडखोर, असा सोपा हिशेब इथे लागू पडत नाही.

संयुत्तनिकायात कोसलच्या पसेनदी राजाच्या यज्ञाची हकीकत आहे. यज्ञासाठी शेकडो बैल, वासरे, मेंढ्या खांबांना बांधल्या आहेत आणि राजाचे दास दंडाच्या भीतीने रडत रडत कामे करत आहेत. धर्मानंदांनी ती वाचली ती करुणेच्या अंगाने आणि शेतकऱ्याच्या नुकसानीच्याही अंगाने. डी. डीं.नी तिच्यातून अर्थशास्त्र काढले. नांगराची शेती पसरत असताना अशी गुरे मारणे समाजाला परवडण्याजोगे राहिले नव्हते आणि म्हणून अहिंसेच्या शिकवणीला शेतकरी आणि व्यापारी यांचा पाठिंबा मिळाला, असे त्यांनी दाखवले. घरात वाचली गेलेली एकच पोथी. बापाने तिच्यात माणूस पाहिला, मुलाने त्या माणसाचे शेत आणि गोठा पाहिला.

पण ग्रंथ वाचून डी. डीं.चे समाधान होईना. ग्रंथ लिहिणारे थोडे, आणि तेही वरच्या वर्णाचे. बाकीच्यांचा इतिहास कुठे मिळणार? तो जमिनीवर आहे, असे त्यांनी ठरवले आणि ते चालू लागले. पुण्यातल्या घरामागची टेकडी चढून वेताळाकडे जायचे, घराजवळ पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांशी बोलत बसायचे. सुटीच्या दिवशी हातात टोकाला लोखंडी पाते बसवलेली काठी घेऊन मावळात, कऱ्हेच्या काठाने, जुन्नरच्या बाजूला मैलोगणती पायपीट. काठीच्या टोकाने माती उकरून अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे गोळा करायची. ती हत्यारे कोणत्या वाटेवर सापडतात ते नकाशावर मांडले, तेव्हा दिसले की आजही धनगर ज्या वाटांनी मेंढरे घेऊन जातात त्या वाटांशी त्या जागा जुळतात. आणि शेंदूर फासलेल्या म्हाताऱ्या ग्रामदेवताही त्याच वाटांवर ठाण मांडून आहेत. ज्या बोल्हाई-तुकाईंकडे पदवीधर मंडळी ढुंकून पाहत नव्हती, त्यांना या गणितज्ञाने इतिहासाच्या साक्षीदार म्हणून उभे केले. कार्ल्याच्या बौद्ध लेण्याच्या दारातच कोळ्यांची एकवीरा का बसली, पंढरीची वाट त्याच मार्गाने का गेली, असे प्रश्न त्यांनी विचारले. वाकडच्या म्हातोबाचा आणि हिंजवडीच्या बगाडाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. आज हिंजवडी म्हटले की संगणकाच्या कंपन्या आणि वाहतुकीची कोंडी आठवते. पण तो बगाड अजून निघतो.

बापाची पायपीट मुलाच्या अंगात अशी उतरली होती. धर्मानंद बुद्धाच्या गावांतून चालले ते बुद्ध शोधायला. मुलगा आपल्या गावांतून चालला तो त्या गावांखालचे गाव शोधायला. मला वाटते, पुस्तकात लिहिलेले प्रत्यक्ष जाऊन पडताळायचे, ही गोष्ट दामोदरला कोणी बसवून शिकवली नसेल. ‘निवेदना’तल्या हकिकती ज्या घरात जेवताना निघत असतील, त्या घरातल्या मुलाला ती वेगळी शिकवावी लागत नसणार.

स्वतःच्या मुळाकडेही त्यांनी याच डोळ्यांनी पाहिले. गोव्यातल्या जुन्या काबिजादीतील गावकरी संस्थेवरचा त्यांचा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे ‘मिथ अँड रिअॅलिटी’त आला. गावची जमीन साऱ्या गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची, ती लिलावाने कसायला द्यायची, खाडीचे पाणी अडवणारे बांध सर्वांनी राखायचे आणि उरलेले उत्पन्न गावकऱ्यांच्या वंशजांत ‘जोण’ म्हणून वाटायचे, ही ती व्यवस्था. आपल्या पूर्वजांविषयी लिहिताना माणसे सहसा हळवी होतात. डी. डीं.नी तसे काही होऊ दिले नाही. स्कंदपुराणातल्या सह्याद्रिखंडातल्या कथा, परशुरामाने समुद्र हटवून वसवलेली भूमी, या सगळ्याला त्यांनी जमिनीच्या, पावसाच्या आणि भातशेतीच्या हिशेबाने तपासले आणि ब्राह्मण वसाहतदारांच्या मोठेपणाच्या कथांमागे कोणाचे कष्ट दडले आहेत, ते सांगितले. आपल्याच जातीची वंशकथा अशी उलगडून दाखवायला छाती लागते. वडिलांनी बुद्धाबाबत जे केले होते ते मुलाने आपल्या कुळाबाबत केले.

त्याच १९४७ मध्ये धर्मानंद गेले. शरीर थकले, आता आपल्या हातून काही उपयोगाचे काम होणार नाही, असे वाटल्यावर त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवायचे ठरवले होते. जैन परंपरेतल्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांचा अभ्यास होता आणि सल्लेखनेची कल्पना त्यांना पटलेली होती. गांधीजींच्या आग्रहावरून एकदा उपवास सोडला, पण पुढे सेवाग्रामच्या आश्रमात पुन्हा सुरू केला आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. स्वातंत्र्य दोन-सव्वादोन महिन्यांवर आले होते. ज्या ‘विसुद्धिमग्गा’पायी त्यांनी चार वेळा सातासमुद्रापारची वारी केली, त्याची हार्वर्डची आवृत्ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

मुलाच्या आयुष्यातही जागा सोडण्याचे प्रसंग आलेच. अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्ती या देशाला अधिक परवडेल, असे ते उघडपणे म्हणत आणि लिहीत. अणुशक्तीचे स्वप्न जिथे रचले जात होते त्याच वर्तुळात राहून असे बोलणे सोपे नव्हते. शांतता चळवळीसाठी ते रशिया-चीनला जाऊन आले. १९५९ मध्ये राइमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता आपल्याला सापडली, असा दावा करणारा निबंध त्यांनी गणिताच्या नव्हे तर शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितातली त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे बरीच उणावली. १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने त्यांची मुदत वाढवली नाही. तरी त्याच माणसाने १९४४ मध्ये आनुवंशशास्त्रासाठी मांडलेले एक सूत्र जगभरच्या प्रयोगशाळांत ‘कोसंबी’ याच नावाने अजून वापरले जाते. पिकांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या कितीतरी तरुण शास्त्रज्ञांना हा कोसंबी इतिहासकारही होता, याचा पत्ता नसतो.

अखेरच्या वर्षांत सांधेदुखीने त्यांना हैराण केले होते. चालणे हेच ज्याचे संशोधनाचे हत्यार, त्याला ही व्याधी जडावी! तरी काठी सुटली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यातल्या राहत्या घरी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न. मूळ संख्यांवरच्या एका पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी नुकतेच प्रकाशकाकडे धाडले होते. ते पुढे कधी छापले गेले नाही.

त्यांची धाकटी कन्या मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या. एस.एन.डी.टी. विद्यापीठातल्या स्त्री-अभ्यास केंद्राच्या त्या संचालक होत्या. पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई जोशी अशा एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रीय स्त्रियांवर त्यांनी जन्मभर काम केले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात आजोबांचे ‘निवेदन’ इंग्रजीत नेले, वडिलांवरच्या लेखांचा संग्रह संपादित केला. २०१५ मध्ये त्याही गेल्या. बाळाबाईंच्या नातीने स्त्रियांचा इतिहास हा विषय निवडला होता, हे मला ‘निवेदन’ पुन्हा वाचताना लक्षात आले.